वरच्या मजल्यावरची टाकी

नाचणे गावातल्या त्या घरात खाली ईशा राहायची आणि वर तिची मोठी जाऊ योगिनी. दोघींचे नवरे मुंबईत. सासूबाई, म्हणजे कमळाबाई, पहिल्यापासून योगिनीकडेच. योगिनी कॉलेजातून आली की दोघी मिळून चहा घ्यायच्या. दिवाळीत ईशाच्या नवऱ्याने मुंबईहून माणसं आणून तिच्याकडे समुद्री माशांची मोठी टाकी बसवली, आणि तेव्हापासून कमळाबाईंचा चहा खाली होऊ लागला.

“पिवळा काय गुणाचा आहे गो!” वर आल्यावर त्या सांगायच्या. “ईशाच्या हातून खातो.”

योगिनी रसायनशास्त्र शिकवायची. माशांची तिला मुळीच हौस नव्हती. पण जिन्यातून त्या दोघींचं हसणं वर आलं की तिच्या हातातला चहा कडू व्हायचा.

शेवटी तिनेही टाकी आणली. बंद पडलेल्या एका दुकानातली, कोपऱ्याला चरा पडलेली. विकतचं मीठ महाग, म्हणून भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन ऐन भरतीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. ओहोटीला खाडीचं गोडं पाणी मिसळतं. आणलेलं पाणी दुपदरी कापडातून गाळलं. प्रवाळाऐवजी कालवांच्या शिंपल्या उकळून रचल्या. हवेचा पंप लावला. पहिला महिनाभर मासा सोडायचा नाही, हे तिने वाचलं होतं. आधी पाण्यात एक कोळंबी कुजू द्यायची, मग घाण पचवणारे जिवाणू तयार होतात.

दुसऱ्या दिवशी कोळंबी नव्हती. तिने शिंपल्या उचलून पाहिल्या. टरफलसुद्धा नव्हतं.

आठवड्याने कमळाबाई सहज टाकीपाशी आल्या आणि तिथेच थबकल्या.

“पिवळा वर आणलास होय?”

“आई, टाकी रिकामी आहे.”

त्या हसल्या. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, पेपर त्या चष्म्याशिवाय वाचायच्या. तेवढ्यात खालून ईशाची हाक आली.

पिवळा नाहीसा झाला होता. झाकण बंद, फरशी कोरडी. ईशाने सोफा सरकवून पाहिला होता. “वहिनी, जाईल कुठे तो?” ती रडत होती. योगिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. जिना चढताना तिच्या लक्षात आलं, आपण गुणगुणतोय.

मग पट्ट्यांचा गेला. मग दोन निळे. प्रत्येक वेळी कमळाबाईंना आधी कळायचं. चहा आता वरच होऊ लागला. त्या खुर्ची ओढून टाकीसमोर बसायच्या आणि चिमूटभर खाद्य टाकायच्या. दाणे निम्म्यापर्यंत बुडायचे. तळाला एकही पोचायचा नाही.

योगिनीने पाणी तपासलं. माशांच्या घाणीतून होणारं नायट्रेट चढत होतं, भरल्या टाकीत चढावं तसं. कुणीतरी खात होतं. तिने नवी रसायनं आणून पुन्हा तपासलं. रंग तोच आला.

ईशाची टाकी रिकामी झाली त्या दिवशी योगिनीने मुद्दाम शिरा केला.

“आई, गरम आहे तोवर घ्या.”

“हं.”

“आई.”

कमळाबाईंनी मान वळवली नाही. शिरा निवला, चहावर साय धरली. खाली जात होत्या तेव्हा निदान परत येऊन चार शब्द तरी बोलायच्या. आता योगिनी समोर उभी राहिली, तर त्या तिला हाताने बाजूला करायच्या.

रविवारी सकाळी कमळाबाई देवळात गेल्या, तेव्हा योगिनीने नळी लावून सगळं पाणी बादल्यांत काढलं. प्रत्येक बादली उजेडात धरून पाहिली. नुसतं पाणी. तिने ते मोरीत ओतलं, टाकी पुसून उन्हात वाळत ठेवली आणि ती बाजारात गेली.

परत आली तर टाकी पुन्हा घरात, जागेवर होती. समोर दोन खुर्च्या. कमळाबाई आणि ईशा.

“माझे सगळे तुमच्याकडे, वहिनी,” ईशा म्हणाली. “आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.”

“रागावू नको तिला,” कमळाबाई म्हणाल्या. “तिला दिसत नाहीत ते.”

दोघी काचेला नाक लावून बसल्या होत्या. दोघींचे डोळे एकाच वेळी डावीकडून उजवीकडे सरकले.

योगिनीने पिशवी खाली ठेवली.

“बाजूला व्हा,” ती म्हणाली.

तिने बाही वर सारली आणि टाकीत हात घातला. तळाची काच उन्हाने अजून कोमट होती. कोरडी. तिने सगळे कोपरे चाचपले.

“हळू, वहिनी. घाबरतात.”

तिने हात बाहेर काढला.

कोपरापर्यंत तो ओला होता. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, रात्रभर पाण्यात राहिल्यासारखी.