पिंपळपानाखाली

"ओ मॅडम, आमचे मामाजी पानाखाली गेले!"

तृप्तीने मान वर केली. साकोलीला यादोरावांच्या छपाईच्या दुकानात ती पत्रिका अन् फ्लेक्स बनवायची. गिऱ्हाइकांची कटकट तिच्या पाचवीलाच पुजलेली. पण हा एकोडीचा अश्वजित कटकट कुठे करत होता… तो तर हसत होता. स्क्रीनवरच्या पत्रिकेत भलंमोठं पिंपळपान, अन् त्याच्यामागून मामांच्या फोटोतली नुसती टोपी दिसत होती.

"शिफ्ट दाबून पेज-अप," ती म्हणाली. मामा टुणकन पानाच्या वर आले.

"मी बी असाच मागं पडून राहिलो. माह्यासाठी कोणतं बटन हाये?"

"तुमचं वजन जास्त हाये. बटन तुटन!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून स्वारी कोरल, म्हणजे पत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायला हजर. चार महिने तो तिच्या बाजूच्या स्टुलावर बसला. माऊसवर कधी बोटाला बोट लागायचं, अन् दोघंही उगाच स्क्रीनकडे बघायचे.

तृप्तीची एक खोड होती. जुन्या फाईलीतून नवी पत्रिका करताना ती जुनी नावं पुसायचीच नाही. वर पांढरा डबा, म्हणजे कोरा चौकोन टाकायचा, त्यावर नवी नावं.

"पुसत काहून नाही?" अश्वजितने विचारलं.

"पुसलं का कायमचं जाते. झाकलं का खाली राहते."

"मंग तुह्या मनात काय काय झाकून असन…" तो हळूच म्हणाला. तिचे कान लाल झाले. त्याने एकदा विचारावं, एवढंच तिला हवं होतं.

त्याने विचारलं नाही. जवाहरनगरला नोकरी लागली म्हणून पेढे तेवढे आणले. तृप्ती रुसली. निघताना दारात तो थांबला.

"उद्या आमच्या गावच्या गुड्डीच्या लग्नाची पत्रिका त्याच पिंपळपानाच्या फाईलीत करशीन ना? पान हलवून पाहजो… एकदा."

"माह्या कामात नाक नोको खुपसू."

अन् खरंच, रागाच्या भरात तिने पानाला हातही लावला नाही. नावांवर पांढरा डबा टाकला, नवी नावं लिहिली, पत्रिका छापल्या. अश्वजित पुन्हा दिसला नाही. तिनेही ती फाईल पुन्हा उघडली नाही. उघडवतच नव्हती.

दोन वर्षांनी तो आला, सोबत आई पंचफुलाबाई.

"पोराची पत्रिका काढाची हाये वो बाई. पोरगी आसगावची, सरिता. थेच पिंपळपान पाह्यजे म्हणते हा."

पंचफुलाबाई यादोरावांकडे कागद निवडायला बसल्या. अश्वजित जुन्याच स्टुलावर बसला. तृप्तीने फाईल उघडली, नावांना जागा करायला म्हणून पान बाजूला ओढलं… अन् तिचा हात थांबला. खाली बारीक अक्षरं होती.

'तृप्ती, तुह्यासाठी थांबू का? हव असन तं या पत्रिकेत पान ठेवू नोको. शनिवारी पाहाले येतो.'

"तू… आला होता?"

"आलो होतो. तू आत होती. काउंटरवर गठ्ठा होता. पान जागच्या जागी होतं."

"मी हलवलंच नाही रे. रागात होती."

"कायचा राग?"

"तू काही बोलत नव्हता म्हून!"

त्याने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. तृप्तीला रडू फुटत होतं. एवढंसं पान, अन् आपण ते हलवलं नाही!

"सरिता चांगली हाये," तो म्हणाला. "तिनं काय केलं बिचारीनं…"

"मंग हे पुसू?"

"नोको… झाकून ठेव."

पलीकडून पंचफुलाबाईंनी हाक मारली, "झालं का रे?" तो उठला. दारात या वेळी थांबला नाही.

तृप्तीने डोळे पुसले. सरिताचं नाव नीट, सुबक लिहिलं. मग त्या जुन्या ओळीखाली दोनच अक्षरांचा होकार लिहिला, 'हव'. पान परत जागेवर आणलं, शिफ्ट दाबून पेज-अप केलं.

तीनशे पत्रिका छापून झाल्यावर यादोरावांनी एक उजेडात धरली.

"वा पोरी! पान मस्त उठलं."