खरं मटण कसं लागतं?

मार्चमधल्या दुपारी गारा पडतात तेव्हा आधी टिनावर आवाज येतो. वरून कोणी गिट्टीची टोपली उलटी करावी तसा. त्या दिवशीही आमच्या ढाब्याचं टिन असंच कडाडलं आणि कारंजाच्या हायवेवरून एक मोटारसायकल घसरत, सावरत थेट आमच्या मांडवात शिरली. वरचा मुलगा उतरला. डोक्यावरून पाणी निथळत होतं, कपाळाला गारेचं टेंगूळ आलं होतं; पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच. मागे बांधलेला थर्माकोलचा डबा सोडून त्याने तो छातीशी धरला.

माझी भाची वर्षाली गल्ल्यावर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"लेकरू आहे काय त्याच्यात?"

"नाई... मटण आहे."

"मटणाले इतकं जपते काय कोणी?"

"शाकाहारी मटण आहे," तो म्हणाला.

मी लसूण सोलत बसले होते. हातातली पाकळी खाली पडली. इतकं आयुष्य या ढाब्याच्या चुलीपाशी गेलं, पण असे दोन शब्द एका ताटात वाढलेले कधी ऐकले नव्हते.

मुलाचं नाव चंदन. तळेगावचा, श्यामजी पंताच्या तळेगावचा. घरची संत्र्याची बाग होती, आणि नव्यानेच त्याने एका कंपनीची एजन्सी घेतली होती. सोयाबीन आणि वाटाण्यापासून मटणासारखे तुकडे बनवायचे, गोठवायचे, पाकिटात घालून विकायचे. डब्याला गारेने भोक पाडलं होतं, बर्फ वितळत होता. फ्रीजमध्ये थोडी जागा मिळेल का, असं त्याने विचारलं. वर्षालीने फ्रीज उघडला. आत सकाळीच आणलेलं बोकडाचं मटण होतं. चंदन दोन पावलं मागे सरकला.

"आमचं महानुभावाचं घर आहे, मांस शिवत नाई..." तो ओशाळून म्हणाला.

"म्हणजे मटण विकता, अन् मटणाले भेता?"

ती हसली. अशी की गारांचा आवाजही थोडा वेळ ऐकू आला नाही. आणि तो, भिजलेला, टेंगूळ आलेला, त्या हसण्याकडे पाहत राहिला. डबा हातात तसाच होता. पाणी बुटात गळत होतं.

पाकिटं वितळलीच. फेकण्यापेक्षा शिजवू म्हणून वर्षालीने ती आमच्या मसाल्यात टाकली. वास सुटला आणि आतल्या खोलीतून माझा धाकटा भाऊ रूपराव उठून आला.

रूपरावाचं सांगायला हवं. मटणाच्या ढाब्याचा मालक, आणि गेल्या वर्षी हृदयात स्प्रिंग टाकल्यापासून त्यालाच मटण बंद. दिवसभर नाकाशी वास आणि पानात वरण-भाकर. वर्षालीची आई लवकर गेली. लेकीला बाप आणि बापाला लेक, एवढंच त्यांचं जग. मी नलूआत्या मधली, म्हणाल तर आई, म्हणाल तर चौकीदार.

त्याने एक तुकडा तोंडात टाकला. चावायचा थांबला. डोळे भरून आले.

"नलूबाई, हे तं मटणच आहे व."

"मटण नाई, काका," चंदन पुढे झाला. हे वाक्य त्याचं चांगलं पाठ होतं. "मटणाहून चांगलं. कोलेस्टेरॉल शून्य. तुमच्यासारख्या हृदयाच्या माणसाले तं एकदम उत्तम."

त्या एका वाक्याने आमच्या घरात मटण परत आलं. आणि चंदनही.

आधी तो पाकिटं घेऊन आठवड्यातून एकदा यायचा. मग कधी अमरावतीला जाताना, कधी अमरावतीहून येताना. कधी अमरावतीला जायचं नसतानाही. पाकिटं फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जायची, त्यासाठी वर्षालीने तो कप्पा गरम पाण्याने घासून काढला होता. कोणी सांगितलं नव्हतं. मी पाहिलं, बोलले नाही.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कूलरसमोर बसून त्याने विचारलं, "एक विचारू? खरं मटण कसं लागते?"

"तुमच्या पाकिटातल्यासारखंच लागते म्हणून सांगता न तुम्ही गावभर?"

"कंपनीनं सांगितलं म्हणून सांगतो. मले काय माहीत... तुम्ही सांगा."

वर्षालीने पदर नसताना पदर सावरावा तसा हात केला, मग ओढणी सापडली.

"आधी लागतच नाई काही," ती हळूच म्हणाली. "आधी वास येते. मग तर्रीचा चटका बसते... ओठाले. वाटते, पुरे. मग मागून खसखस येते, थंड, जशी कोणी समजूत काढते. मग वाटते थांबावं – अन् हात काही थांबत नाई."

"अजून?"

"अजून काय? जेवण झाल्यावर बोटाले वास राह्यते. रात्रीपर्यंत."

तो ऐकत होता. पातेल्याकडे मात्र एकदाही पाहत नव्हता.

आमच्या लहानपणी मटण पाहुण्यासारखं यायचं. आखाडीला यायचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला यायचं, जावई आला तर यायचं. आई पितळी पातेलं घासत बसायची आणि आम्ही सकाळपासून भुकेले राहायचो. बाकी वर्षभर तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, अंबाडी. मटण तब्येतीला चांगलं की वाईट, हे विचारायला ते इतका वेळ थांबायचंच कुठे?

रूपरावाचं नवं मटण मात्र पाहुणा राहिलं नाही, घरचंच झालं. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. वरणाची वाटी तो पुढे सरकवायचा. औषधच मटणासारखं लागत असेल तर वरण कोण खातो, म्हणायचा. तो हसायचा म्हणून वर्षाली हसायची. आणि पाकिटं लवकर संपली की चंदन लवकर यायचा... हेही होतंच. रूपरावाच्या पायांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ उठायला लागले तेव्हा मला वाटलं, उन्हाळा आहे, पाय सुजतात.

मे महिन्यात एका दुपारी तो बाजेवर आडवा झाला आणि ताडकन उठून बसला. आडवं होताच येईना. श्वास पाण्यात बुडाल्यासारखा घरघरत होता. ओठ निळसर पडले. वर्षालीने हाक मारली तर तो तिच्याकडे अनोळखी माणसासारखा पाहत होता. मी माझी माणसं जाताना पाहिली आहेत. ती नजर मी ओळखते.

चंदन नेमका पाकिटं घेऊन आला होता. त्याने डबा तिथेच टाकला, आमची जीप काढली आणि वर्ध्यापर्यंत एक शब्द न बोलता चालवली. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. चुन्यासारखा.

डॉक्टरीण बाईंनी रूपरावाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी त्याचा श्वास जरा उतरला तेव्हा त्यांनी बाहेर येऊन विचारलं, खाण्यात काय असतं? वर्षाली अभिमानानेच म्हणाली की मटण कधीचंच सोडलंय, हे खातात. चंदनच्या पिशवीतलं पाकीट तिने पुढे केलं. बाईंनी ते उलटं केलं. समोरची हिरवी मोठी अक्षरं आम्ही सगळ्यांनी वाचली होती. त्यांनी मागची बारीक वाचली.

"रोज?"

"दोन वेळा."

बाईंनी पाकिटावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "यात कोलेस्टेरॉल नाही हे खरं आहे. पण मीठ बघा. अख्ख्या दिवसात यांना चालेल त्याच्या निम्म्याहून जास्त मीठ या एका पाकिटात आहे. वरून तुमच्या रश्शाचं वेगळं. यांचं हृदय आधीच थकलेलं. मीठ पाणी धरून ठेवतं, ते पाणी फुप्फुसात चढलं."

त्या आत गेल्या. आम्ही तिघं तिथेच. मला वाटत होतं कोणीतरी मला थोबाडीत मारली आहे आणि आवाज अजून यायचा आहे. जे पोरीने इतक्या मायेने वाढलं, त्यानेच...

वर्षाली चंदनकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही किती खाता रोज?"

त्याने पिशवी मागे सारली.

"तुमच्या घरी किती लागते?"

"मी... मी कधी खाल्लंच नाई."

"काऊन?"

"ते मांसासारखं दिसते, वर्षाली. सोयाबीन आहे हे माहीत आहे... तरी तोंडापाशी नेलं की हात मागे येते. नाई खाऊ शकलो. एकदाही नाई."

मीच हबकले, तर तिचं काय झालं असेल. ते सगळं विचारणं, ती कूलरसमोरची दुपार, 'तुम्ही सांगा' म्हणून ऐकत बसणं... ती त्याच्याकडे पाहत होती, जणू इतके दिवस दुसऱ्याच कोणाशी बोलत होती.

"स्वतःच्या जिभीवर ठेवलं नाई," ती म्हणाली, "अन् माह्या बापाच्या हृदयाची हमी देल्ली?"

मग ती भिंतीकडे वळली. "आपण सारे मटणाशीच मोजत राह्यलो. मटणाहून चांगलं असंलही. पण बाबा मटण खात होते फक्त रविवारी. हे तं वरणाच्या जागी येऊन बसलं. वरणाशी कोणी मोजलंच नाई. मीबी नाई."

ती आत गेली. चंदन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिला. सकाळी मी चहा आणायला गेले तेव्हाही तिथेच होता.

रूपराव वाचला. घरी आला तो नियम घेऊन: रोज वजन करायचं, पाणी मोजून आणि जेवण अळणी. मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही. पहिल्या घासाला त्याने ताट ढकललं. म्हणाला, यापेक्षा दवाखान्यातलं सलाईन चवदार होतं.

त्याच दुपारी चंदन आला. डबा नव्हता. ज्या ज्या ढाब्यावर पाकिटं दिली होती तिथे जाऊन त्याने सांगितलं होतं की हे कधीमधी खाल्लं तर ठीक, बीपी-हृदयाच्या माणसाला रोज देऊ नका. कंपनीला ते रुचलं नाही. त्याने एजन्सी सोडली आणि बागेत परतला. हे त्याने मला सांगितलं, कारण वर्षाली भांडी घासायला निघून गेली होती. भांडी आधीच घासलेली होती.

मग तो रूपरावासमोर मांडी घालून बसला. "आत्या, काकाले जे वाढता, तेच मले वाढा."

मी अळणी वरण वाढलं, अळणी भाजी. त्याने घास घेतला. चेहरा असा झाला की रूपरावाला दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसू फुटलं.

"काऊन रे पोट्ट्या, तोंड वाकडं करून राह्यला? मटणाहून चांगलं आहे. हृदयाले एकदम उत्तम."

"हाव, काका," तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.

मग तो येतच राहिला. बागेचं पाणी देऊन यायचा, रूपरावासोबत अळणी जेवायचा, जायचा. एकट्याने न गिळणारं जेवण रूपराव त्याच्या सोबतीने गिळायला लागला. वर्षाली वाढायची, पण नजर ताटावर, शब्द एकही नाही. पाऊस लागला, सोयाबीन गुडघ्याला आलं, तरी नाही. एके दिवशी तिने बापाच्या ताटात लिंबाची फोड ठेवली. पुढे गेली. थांबली... मागे आली आणि एक फोड चंदनच्या ताटातही ठेवली. त्याने ती पिळली नाही. कितीतरी वेळ नुसता त्या फोडीकडे पाहत बसला.

पोळा झाला. करीच्या दिवशी सारा हायवे मटणाच्या वासाने दरवळत होता, आमच्या तिन्ही चुली पेटलेल्या. वर्षाली मात्र मागच्या अंगणात चौथी चूल मांडून बसली होती. बाजारातून कोरं पातेलं आणलं होतं, ज्याला मटण कधी शिवलं नव्हतं. खसखस तिने स्वतः वाटली. मीठ चिमटीत घेतलं आणि अर्धं परत टाकलं.

चंदन आणि रूपराव जेवायला बसले. लाल रस्सा वाढला. चंदनने घास घेतला आणि जागच्या जागी थिजला. घास तोंडातच. डोळे मोठे झाले, रंग उतरला. हात तोंडावर गेला.

"हे... हे मटण आहे?"

मी वाकून पातेल्यात पाहिलं. पोरीने सूड तर नाही उगवला?

"बेसन आहे," वर्षाली म्हणाली. इतक्या दिवसांत त्याच्याशी पहिला शब्द. "पाटोडी आहे. कोरं पातेलं आहे. गिळा निवांत."

त्याने गिळलं. ओठाला चटका बसला असावा, कारण जीभ फिरवली. मग कपाळावरची आठी हळूहळू सुटली. आणखी एक घास. आणखी एक. हात काही थांबेना. आणि अचानक तो थांबला, तिच्याकडे पाहत.

"वर्षाली... तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं, ते सारंच आहे याच्यात. वास, चटका... ती समजूत काढणारी खसखस."

"मग?"

"म्हणजे तुम्ही मटणाचं सांगतच नव्हत्या. तुमच्या हाताचं सांगत होत्या." त्याचा आवाज खाली आला. "हे मले जन्मभर पाह्यजे. अळणी असलं तरी."

वर्षालीचा चेहरा तांबडा झाला होता. जाळाने म्हणावं तर ती जाळापासून लांब होती.

"मले काय सांगता," ती म्हणाली. "मागणी बाबाले घाला. समोरच तं बसले आहेत."

रूपरावाला जोराचा ठसका लागला. मी घाबरून पाण्याचा गडू पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. डोळे पुसले. ते ठसक्याचं पाणी होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

"नलूबाई," तो म्हणाला, "याले अजून पाटोडी वाढ. अन् उद्या सकाळी लुगडं चांगलं नेसजो. तळेगावले जाऊ, याच्या घरी."