टिकलीचं पोट

धनेशला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या कंपनीच्या निळ्या शर्टावर उलटी होती. त्याची नव्हे, टिकलीची. ती करडी गावठी कुत्री माझ्या रोह्याच्या दवाखान्यात शेपटी हलवत उभी होती.

"डॉक्टर, जगेल ना ही?"

"बोंबलाची डोकी खाऊन एकदा उलटी झालीय. खेळतेय, पाणी पितेय... घाबरू नका. दोन दिवस मऊ भात द्या."

"मग घाबरायचं कधी?"

"उलट्या थांबेनात, पाणी टिकेना, रक्त दिसलं, पडून राहिली—तर लगेच आणायचं."

त्यानं मान डोलावली. माझ्याकडेच बघत.

आठवड्यानं तो शेजारच्या निडी गावाहून पुन्हा आला. "आज जेवली नाय." तेवढ्यात टिकलीनं माझ्या टेबलावरचं बिस्किट पळवलं. पुढच्या आठवड्यात, "पोट गुडगुडतंय." मी तपासलं आणि हसले. "काही झालेलं नाही हिला. उगाच घाबरता तुम्ही!"

त्याचे कान लाल झाले. नंतर तो फिरकलाच नाही. मी मात्र दाराकडे बघायचे... उगाच.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तो टिकलीला दोन्ही हातांवर घेऊन धावत आला. तिची मान लोंबत होती. ओठ उचलून पाहिला—हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"कधीपासून?"

"कालपासून. रक्त पडतंय."

"मग काल का नाही आणलंत?"

तो खाली बघत म्हणाला, "मागच्या दोन खेपांना ती ठणठणीत होती. मी तुम्हाला बघायला येत होतो. तुम्ही हसलात... वाटलं, ओळखलंत. मग लाज वाटली."

माझ्या एका हसण्यानं तिच्या उपचाराचा अख्खा दिवस गेला होता.

सलाईन लावलं. तीन दिवस तो शिफ्ट संपली की यायचा, तिचा पाय धरून बसायचा. तिसऱ्या संध्याकाळी टिकली डुलत उठली, लपलप पाणी प्यायली—आणि ते पोटात राहिलं. धनेशनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "शंका आली की आणायचं तिला. मी हसणार नाही."

"आणि ती बरी असली तर?"

"तर... एकटे या. दवाखाना सुटल्यावर मी रेल्वेनं पेणला जाते. निडीपर्यंत सोबत होईल."

"एकच स्टेशन हाय ओ ते!"

"मग रोज या," मी म्हणाले.