क्रमांक दोनशे बारा

ती खरं तर आली होती शिवलेले वीस ॲप्रन पोचवायला. संशोधन केंद्राच्या दारातून आत डोकावली आणि तिथंच थबकली. एक उंच, चष्मेवाला तरुण एका आजोबांच्या कमरेचं माप घेत होता... आणि असं घेत होता, जणू टेप आजोबांना लागली तर पाप लागेल!

"चुकतंय," तिच्या तोंडून निघून गेलंच.

त्यानं वळून पाहिलं. "काय?"

"माप. आम्ही कपड्यासाठी एक बोट सैल धरतो, तुम्ही चार धरलीयेत. या आजोबांची पँट तुम्ही शिवली असती ना, तर दारापर्यंतही टिकली नसती."

आजोबा खदखदून हसले. तो कानापर्यंत लाल झाला. आता हा चिडणार म्हणून ती मागं सरली, तर त्यानं टेपच तिच्यापुढं केली. "शिकवाल?"

शिकवलं की! बरगडी कुठे संपते, हाड कुठे लागतं, श्वास सोडल्यावरच आकडा कसा वाचायचा... त्याची बोटं टेपवर नीट बसवताना तिला स्वतःचा श्वास सोडायचं भान राहिलं नाही.

"म्हणजे आधीच्या दोनशे दहा जणांना परत बोलवावं लागेल," तो म्हणाला, आणि फोन उचललासुद्धा. सबब नाही, सारवासारव नाही. तिला तो तिथंच आवडला.

"पण एवढी मापं कशाला?" तिनं विचारलं.

"जनुकांमध्ये छोटे छोटे फरक असतात, अगदी सर्रास आढळणारे. त्यांच्यामुळे मोठ्या माणसांचं वजन वाढतं का, किती वाढतं, ते शोधतोय."

तिच्या घरात हाच तर वाद! आई म्हणायची, आमच्याकडच्या बायका अशाच भरलेल्या. वहिनी म्हणायची, ताईंनी जिभेला जरा आवर घातला तर... दोन स्थळं नकार देऊन गेली, तेव्हापासून तिला एवढंच हवं होतं, कुणीतरी सांगावं — हे रक्तातलं आहे की माझी चूक? तिनं त्याच दिवशी रक्त दिलं, नाव नोंदवलं. क्रमांक दोनशे बारा.

पुढचा महिनाभर ती 'त्याचा हात तपासायला' येत राहिली. हात केव्हाच सुधारला होता. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

"सांगा ना, माझं काय निघालं?" एका दुपारी तिनं लाडीगोडी लावली.

"मलाच माहीत नाही. रक्ताच्या नळीवर फक्त नंबर. निकालाचं पाकीट मिळेल अभ्यास संपल्यावर... चार वर्षांनी."

"एका फरकानं वाढून वाढून वाढतं किती?"

"फार तर किलो-दीड किलो. असे शेकडो फरक, शिवाय खाणं, झोप, काम..."

"मग चूक कुणाची?"

"चूक?" तो खरोखरच गोंधळला. "माझ्या उंचीला कुणी चूक म्हणतं का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. "चहा प्यायला येता? बाहेर?"

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "नियम आहे... सहभागी व्यक्तीला बाहेर भेटायचं नाही. अभ्यास संपेपर्यंत." मग हळूच म्हणाला, "मी थांबेन."

"मी नाही थांबणार. अभ्यासातून मधूनच बाहेर पडायचं असेल तर?"

"फॉर्म भरावा लागतो. पण मग पाकीट मिळणार नाही! तुम्हाला तर उत्तर हवं होतं —"

"मिळालं."

तिनं फॉर्म भरून त्याच्यापुढं सरकवला. शेवटची ओळ होती, 'कारण (ऐच्छिक)'. त्यापुढं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'माप घेणारा आवडतो.'

त्यानं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. "हे... हे ऐच्छिक आहे. म्हणजे... नाही लिहिलं तरी चालतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "इच्छा होती, म्हणूनच लिहिलं."

त्यानं इतक्या घाईनं शिक्का मारला की तो उलटाच उमटला.