पर्वत पाटियाची सिएरा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मोठे भाऊ आणि वहिनी. आजही डिंडोलीतच राहतात.

सत्त्याण्णवचा मे महिना. भर दुपार.

हो, दुपारच. असलं काही रात्रीच घडतं, असं मलाही वाटायचं...

योगराजदादा कापडाच्या लूमवरचं काम सोडून दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. स्वतःची एक दणकट एसी गाडी घ्यायची आणि लग्नसराईत आपल्या खान्देशी लोकांचे नवरदेव मिरवायचे, हा त्याचा ध्यास. पर्वत पाटिया भागातल्या एका साडीवाल्या शेठची टाटा सिएरा विकायची आहे, असं कानावर आलं. दादा सुषमावहिनीला घेऊनच बघायला गेला.

गाडी गोडाऊनमागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेठचा ड्रायव्हर मगन किल्ली घेऊन आला.

दादानं बॉनेट उघडलं. खाली वाकून चासी पाहिली. दारांच्या कडांवरून नख फिरवलं. कुठे ठोकल्याची खूण नाही, गंज नाही.

"इतनी अच्छी गाडी शेठ बेचता क्यों है?"

"शेठ इसमें बैठता नहीं," मगन म्हणाला. त्यानं किल्ली पुढे केली.

सिएराला बाजूची दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. मागच्या बाजूच्या काचा तर उघडतच नाहीत. वहिनी मागे बसली, दादानं सीट सरळ केली. मगन त्याच्या शेजारी बसला. गाडी भेस्तानच्या रस्त्याला लागली.

इंजिन मख्खन. एसी गारेगार. दादानं मनातल्या मनात गाडीला हारही घातला.

तेवढ्यात मागून कुजबुज ऐकू आली...

वहिनी बोलत होती. हळू आवाजात, अहिराणीत. घरी बोलते तशी.

दादानं आरशात पाहिलं.

वहिनी एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. बाकी सगळी सीट रिकामी.

"कोणाशी बोलतेस गं?"

"या आजींशी."

दादाला थट्टा वाटली. हसत त्यानं मगनकडे पाहिलं.

मगन हसत नव्हता. त्याच्या कपाळावर, त्या गार हवेत, घाम फुटला होता. मान न वळवता त्यानं गुजरातीत विचारलं...

"आजे पण बेठी?"

आजही बसली?

दादानं करकचून ब्रेक मारला. मगन दार उघडून उतरला आणि मागे न बघता चालत सुटला.

दादा धावत पलीकडे गेला. सीट वाकवली, वहिनीला बाहेर ओढलं, आत डोकं घातलं.

कोणीच नव्हतं.

पण सीटची दुसरी बाजू दबलेली होती...

त्याच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

"अहो, आजी कुठे गेल्या?" वहिनी विचारत होती. ती जराही घाबरलेली नव्हती. शेडमध्ये ती गाडीत शिरली तेव्हा म्हातारी आत बसलेलीच होती. हिरवं लुगडं, अनवाणी पाय. वहिनीला वाटलं, शेठकडे कामाला असलेली आपल्याकडची कोणी बाई असेल.

"सारखं एकच म्हणत होत्या. माले घर लई चाल, बेटा."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हातारं माणूस. म्हटलं, चाला ना, आमच्या घरीच चाला."



गाडी तिथंच सोडून दोघं रिक्षानं घरी आले. किल्ली दुसऱ्या दिवशी दादानं एका माणसाहाती शेठकडे पाठवून दिली. मगन पुढे एकदा भेटला. दादानं खोदून खोदून विचारलं, पण त्यानं नुसते हात जोडले.

म्हातारी कोण, त्या गाडीत तिचं काय झालं, हे आजवर कळलेलं नाही. वहिनीला मात्र एकच हळहळ... तिचं गाव विचारायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो. दादा कामावर गेला होता. दार सताड उघडं. झळा आत येत होत्या, म्हणून लावायला उठलो.

"राहू द्या भाऊजी," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी परत बसलो. ती चहा गाळत होती. थोडा वेळ गेला. बाहेर कोणी आलं नाही, पावलं वाजली नाहीत...

"हां, लावा आता," वहिनी म्हणाली. "आल्या त्या."

मी दार लावलं नाही. तसाच बाहेर पडलो.

दादाला हे अजून सांगायची हिंमत झालेली नाही.