एक की नऊ?

खालच्या मजल्यावरच्या छापखान्यात भांडायला निघालेला तो, रागाच्या भरात एक जिना जास्त चढला आणि माझ्या दारात उभा राहिला.

"हे अक्षर छापणारा कुठे भेटेल?" औषधाची बाटली त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

"छापणारा खाली. काढणारी मी."

मी मान ताठ केली. दोन वर्षं खपून तो फॉन्ट केला होता मी. केसासारख्या बारीक रेघा, किंचित झुकलेले काने, हाताने लिहिल्यासारखं सैल वळण... निमंत्रणांवर, अत्तरांवर, कवितांच्या पुस्तकांवर तो मिरवत होता.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "पण सांगा, हा एक थेंब की नऊ?"

मी वाकून पाहिलं. एकाची शेपटी मीच लाडाने वळवली होती.

"एक... अर्थात!"

"तुम्ही काढलाय म्हणून कळतंय. कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी तासभर येऊन बसा, मग बोलू."

"ही धमकी की आमंत्रण?"

"तुमच्या त्या एकासारखं," तो हसला, "दोन्ही वाचता येईल."

मी गेले. त्याच दुपारी दुकानात एक आजी बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. शेवटी ओशाळून म्हणाल्या, "माझेच डोळे गेले गं बाई." ते मला फार लागलं. डोळ्यांचा नव्हे, माझ्या रेघेचा प्रश्न होता तो.

मग मी रोजच जाऊ लागले. लेबलांसाठी... असं मी स्वतःला सांगायचे. तो बाटली पुढे करताना बोटांना बोटं लागायची आणि दोघंही लेबल वाचत असल्याचं सोंग करायचो.

महिन्याभराने ती बाटली बनवणाऱ्या औषध कंपनीचं बोलावणं आलं. सगळ्या बाटल्यांवर माझा फॉन्ट हवा होता. एवढं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. तोही सोबत आला, बाहेर बाकावर बसला.

"औषधाचं नाव माझ्या अक्षरात, मोठं छापा," मी साहेबांना सांगितलं. "पण किती घ्यायचं, ते साध्या, ठसठशीत अक्षरात. नाहीतर फॉन्ट मिळणार नाही."

"सगळीकडे साधंच छापू की मग. तुमचं कशाला?"

"चालेल," मी उठले. मान वर होती.

"काय झालं?" बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं.

"काम गेलं. लेबल बदलणार."

तो हळूच म्हणाला, "माझ्या आईला भेटायला याल?"

"काय म्हणून ओळख करून देणार?"

"द्यावी लागणार नाही. महिनाभर घरात दुसरा विषयच नाही... मला तुम्ही आवडता. आज तर अभिमानाने छाती फुगून आलीय."

"मग आधी ते ‘तुम्ही’ सोड," मी म्हणाले आणि भर रस्त्यात, सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.