रस्ता संपतो तिथला डबा

हवाईतल्या कवाई बेटाला पुरती फेरी मारता येत नाही, हे आधी सांगतो. मधला डोंगर कायम ढगात असतो आणि वायव्येला हिरवे कडे सरळ समुद्रात उतरतात, त्यामुळे रस्ता दोन्ही टोकांना नुसता संपतो. आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून सुट्टीला गेलो होतो. मी, बायको सरला आणि नात अनिका. मुलगा-सून ऑफिसात अडकलेले.

पहिल्याच दुपारी रस्त्याच्या टोकाला, धबधब्याजवळच्या काळ्या दगडापुढे सरलानं शिऱ्याचा स्टीलचा डबा ठेवला. "परक्या मुलखात आलोय, इथल्या दैवताला नैवेद्य नको?" आणि डबा तिथेच विसरली. मी चिडलो. तिचं हे नेहमीचंच.

सकाळी डबा आमच्या भाड्याच्या घराच्या पायरीवर. लख्ख धुतलेला, आत रानातले पेरू.

"बघा, रिकामा नाही पाठवला!" सरला हरखली. तिनं घरून आणलेले लाडू भरले आणि मला पुन्हा टोकापर्यंत ड्राइव्ह करायला लावलं.

दुसऱ्या सकाळी डब्यात अनिकाची लाल क्लिप होती. झोपताना तिच्या केसांत होती ती.

"आजोबा, रात्री एक लेडी आलेली. शी आस्क्ड मी," अनिका दूध पीत म्हणाली, "आजीकडे अजून काय आहे?"

डबा घेऊन मी एकटाच निघालो. "रिकामा नका हो ठेवू..." सरला मागून म्हणत राहिली. मी रिकामाच ठेवला. मला ही देवाणघेवाण संपवायची होती. भरदुपारी तिथं उजेड नव्हता. पडून कुजलेल्या पेरूंचा आंबूस वास येत होता, पानापानांतून ठिबकत होतं. मी वळलो आणि मागे झाकण उघडल्याचा आवाज आला... मग बराच वेळ काहीच नाही. संध्याकाळच्याच विमानानं आम्ही परतलो.

फ्रीमाँटला उन्हाळाभर थेंब पडलेला नाही. तरी आज दुपारी दारात डबा होता, ओला. उघडला, तर रिकामा.

"मी आत्ता शिरा करते..." सरला कढई काढायला वळली.

"नो, आजी. शी डझंट वॉन्ट शिरा."

अनिकानं केसांतली लाल क्लिप काढली, डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. मी तिला उराशी घेतलं. तिचे केस चिंब ओले होते.